दुपारी न जळणारं गाव

आमच्या गावाला ‘धूरमुक्त शिवार’ म्हणून ढाल मिळाली त्या दिवशी धोंडाबाई बारामतीच्या दवाखान्यात तोंडाला मास्क लावून पडली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

धोंडाबाई माझी शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, नवरा गेल्यापासून एकटी. कालव्याच्या खाली तिचं थोडं रान आहे, अर्ध्यात मेथी, कोथिंबीर, वांगी आणि अर्ध्यात ऊस. इंदापूरच्या बाजारात तिच्या पाटीपुढं घासाघीस करायची कुणाची टाप नाही. ‘घ्यायची तर घे, पर चिवडून ठिवू नगं,’ असं ती भल्याभल्यांना ऐकवते. पुण्याचा मुलगा दरवर्षी चल म्हणतो, ही जात नाही. तिला नमवतो तो फक्त दमा, आणि तो उठतो उसाची तोड सुरू झाली की. तोडीनंतर रानात वाळलेला पाला उरतो, पाचट. धोंडाबाई ते सरीत कुजवते. बाकीचं गाव त्याला काडी लावून मोकळं होतं.

बारामतीत एका कंपनीचं ऑफिस आहे. तिथला केयूर नावाचा इंजिनियर तालुक्यासाठी सॅटेलाईटचे फोटो बघतो. रान पेटलं की त्याच्या नकाशावर लाल ठिपका उमटतो, धूर कुठवर गेला तेही कळतं. ठिपका ज्याच्या रानात, त्याला तालुक्याची नोटीस. पहिल्या वर्षी गावात नोटिसा आल्या आणि धोंडाबाई हरखली. ‘वरनं का हुईना, कुणीतरी बघतंय बाई,’ म्हणाली.

पण आमचं गाव काय कमी आहे? अविराज, ट्रॅक्टरवाला आणि पंचायतीचा मेंबर, त्यानं कुठूनशी माहिती काढली. आग टिपणारं सॅटेलाईट आपल्यावरनं दुपारी जातं आणि मग थेट मध्यरात्र उलटल्यावर. झालं. दिवस मावळायला काडी लावायची, जेवणं होईस्तोवर रान काळं. टपरीवर माणसं एसटीची चौकशी करावी तशी विचारायला लागली, ‘गेलं का रं सॅटेलाईट?’ माझा नवरा सोपानही त्यातलाच. मी भांडले, अबोला धरला, तर म्हणतो, ‘सगळं गाव करतंय.’ सगळं गाव शेण खाईल, तुम्हीही खाणार का, विचारलं. त्यानं काडेपेटी खिशात टाकली आणि रानाकडं निघाला.

दुपारचा धूर वर तरी जातो. संध्याकाळचा गार हवेत खाली बसतो आणि कालव्याच्या कडेनं घराघरात शिरतो. धोंडाबाई दार लावून, तोंडाला ओलं फडकं बांधून बसायची. दम्याच्या पंपाला ती फवारा म्हणते, तो हातात घट्ट धरलेला. तिकडं नकाशावर आमचं शिवार स्वच्छ. ठिपका नाही म्हणजे आग नाही, आग नाही म्हणजे धूर नाही, म्हणून ढाल. लाज कशी वाटत नाही या माणसांना?

दवाखान्यातून आल्यावर धोंडाबाईनं पंचायतीत जाऊन ती ढाल बघितली. पुढं तिचा ऊस तुटला आणि एका भर दुपारी तिच्या रानातून धूर दिसला. मी धावत गेले. जन्मात पाचटाला काडी न लावलेली बाई वाऱ्याच्या उलट्या अंगाला बांधावर बसली होती, फडक्यात तोंड धरून.

‘आत्या, डोकं फिरलं का तुमचं?’

‘आत्ता वरनं जातंय न्हवं त्ये? दिसूंदे त्याला. निदान माणूस तरी येईल हितं.’

माणूस आला. खुद्द केयूरच आला ठिपक्याची खात्री करायला. धोंडाबाईनं त्याला चहा पाजला, वांगी दिली, गोष्टीत गुंतवलं आणि दिवस मावळेपर्यंत हलू दिलं नाही. मग चहूकडून शिवार पेटलं. केयूर खोकायला लागला, डोळे पुसायला लागला.

‘बघा सायेब. ह्ये तुमच्या नकाशात हाय का?’

‘नाही, आजी. मला दिसतंय सगळं. पण रिपोर्ट ठिपक्यांवरूनच बनतो. मी डोळ्यांनी बघितलेलं त्यात घेत नाहीत.’

‘मग डोळे आणले कशाला?’ मी म्हणाले. तो खाली मान घालून गाडीत बसला. वाईट नव्हता पोरगा, पण त्याच्या चांगुलपणाचं मी काय लोणचं घालू?

नोटीस आली, साऱ्या गावात एकटीला, धोंडाबाईला. अविराजनं ती पंचायतीच्या फळ्यावर डकवली आणि वर तिलाच ऐकवलं, ‘आजी, गावाचं नाव घालवलं तुमी.’ ती काही बोलणार तोच खोकल्याची उबळ आली. त्या रात्री तिला पुन्हा बारामतीला न्यावं लागलं. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, आता त्या गावात ठेवू नका.

मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा अख्खं गाव निरोपाला लोटलं. ज्यांनी तिला धुरी दिली तेच डोळे पुसत होते. अविराज म्हणाला, ‘जपून ऱ्हावा आजी. तितं हवापालट हुईल.’

‘हवा माझी हितंच हुती,’ धोंडाबाई म्हणाली. ‘तुमी ऱ्हाऊ दिली न्हाय.’

सोपाननं तिची पिशवी अगदी अदबीनं गाडीत ठेवली. गाडी वळणाआड गेली तरी तो हात हलवत उभा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘चला,’ मी म्हणाले, ‘आता खुशाल काडी लावा. खोकणारं कुणी उरलं नाही.’