टीव्हीवरची वाकडी लाईन

टीव्हीवर ती लाईन आली तेव्हा आबा एकटेच बघत बसले होते. आबा म्हणजे माझे सासरे. मी आत भाकरी थापत होते. एकदम त्यांचा आवाज आला, "अरे, हे कोन उभं राह्यलं मधी?"

मी पिठाच्या हातांनीच दाराशी धावले. पडद्याच्या मधोमध, जराशी उजवीकडे, वरपासून खालपर्यंत एक हिरवीगार रेघ उभी होती. बातम्या सांगणारी बाई बोलतच होती आणि तिचा एक कान रेघेच्या पलीकडे गेला होता. सकाळी मीच टीव्ही पुसला होता. पण फडकं कोरडं होतं, ते आठवलं तेव्हा जिवात जीव आला.

घरात आम्ही तिघंच. मी, माझे मालक आणि आबा. मुलगी सासरी गेली. गाव यावलजवळचं, केळीचं. माझं माहेर धुळ्याकडचं, तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, इकडे 'हे'; 'ळ'चा 'य' मात्र दोन्हीकडे होतो. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बायका "आली का शेवाली" म्हणून चिडवायच्या. मुळात मी लाजरी, त्यात हे. मग मी बोलणंच कमी केलं. आबांशी तर बोलायचा प्रश्नच नव्हता. डोक्यावरून पदर पुढे ओढायचा, चहा ठेवायचा आणि बांगड्या वाजवायच्या, की त्यांना कळायचं चहा आला. इतकी वर्षं आमचं असंच चाललं.

मालक शेतातून आले आणि टीव्हीच्या मागे लागले. आधी बटण बंद केलं, थांबले, चालू केलं. रेघ होतीच. मग चॅनलच्या डब्याची वायर काढून तिच्या तोंडात फुंकर मारली, दुसऱ्या भोकात लावून पाहिली. रेघ होतीच. शेवटी टीव्हीच्या पाठीत एक चापट मारली. रेघ क्षणभर गेली आणि परत आली.

"राहू दे," आबा म्हणाले. "रेघ हे ते हे, पन ती वाकडी काहून हे?"

मालकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. दोघांचं आधीच बिनसलेलं होतं.

त्याचं कारण केळीच्या ओळी. आबांचा डोळा पंचक्रोशीत नावाजलेला. लागवडीला दोरी धरली तरी शेवटचा शब्द त्यांचा असायचा. ओळीच्या टोकाला उकिडवे बसायचे, डावा डोळा मिटायचे, उजव्या डोळ्याने बघायचे आणि म्हणायचे, "तिसरं रोप बोटभर आत घे." लोक मुद्दाम बोलावून न्यायचे. पण यंदाच्या लागवडीत त्यांनी आमच्याच ओळी वाकड्या ठरवल्या. मालक म्हणाले, दोरीने लावल्यात. आबा म्हणाले, दोरीच वाकडी धरली. आणि मजुरांसमोर त्यांनी स्वतःच्या हातांनी रोपं उपटून दुसरीकडे लावली. मालकांना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी आबांना शेतातलं काही विचारणं सोडलं.

मग समोरचा विजेचा खांबही वाकला म्हणे. आबा म्हणाले, केळीच्या ट्रकने धडक दिली, वीजवाल्यांना कळवा. मालक माझ्याजवळ पुटपुटले, "नाचता येईना अंगण वाकडं. म्हातारपणी माणूस वाकड्यातच शिरतो." मीही तेच समजून बसले होते. आबांचा स्वभाव पहिल्यापासून खोड काढायचा. त्यांनी वाकडं म्हटलं की आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

यावलहून टीव्हीवाला आला. बोलका माणूस. त्याने रिमोटने सेटिंगचा चौकोन पडद्यावर आणला. म्हणाला, "बघा भाऊ, चौकोनावरूनसुद्धा लाईन जाते. म्हणजे डबा चांगला, वायर चांगली. डब्यातला दोष असता तर हा चौकोन साफ दिसला असता." मग वरच्या कडेला अंगठ्याने हळूच दाबलं. लाईन लुकलुकली, राहिली. "आत पडद्याला एक पट्टी चिकटवलेली असते, ती सुटली. आता पडदाच बदलावा लागेल. त्यापेक्षा नवा घ्या. नाहीतर लाईनसकट बघा, ती काय तुमच्याकडे चहा मागते?"

मी चहाच घेऊन दारात उभी होते. सगळे हसले. आबा हसले नाहीत.

"ते ठीक हे," ते म्हणाले. "पन वाकडी तरी काढून दे. मधीच पोट आल्यासारखी दिसते."

टीव्हीवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "आबा, ओळंबा सोडल्यासारखी सरळ आहे. पडद्याची लाईन आडवी येईल, उभी येईल, दहा येतील. वाकडी कधीच येत नाही. तशी बनावटच नसते तिची."

"मंग मी काय खोटं बोलतो?"

"त्यांना बठ्ठंच वाकडं दिसतं," मालक म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं; हा शब्द त्यांनी माझ्या माहेरी ऐकून उचललेला, चेष्टेत वापरतात. पुन्हा हसू झालं. आबा उठून ओट्यावर जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

टीव्हीवाला गेला, मालकही शेतात गेले. मी भांडी घासत होते, पण त्या माणसाचं बोलणं डोक्यातून जाईना. वाकडी कधीच येत नाही. मग आबांना ती वाकडी का दिसते? खोड काढायची तर ते रंगाची काढतील, टीव्हीच्या कंपनीची काढतील, पोराची काढतील. रेघेला पोट आलंय असं कोण मुद्दाम म्हणेल? मग खांब आठवला. ओळी आठवल्या. त्यांनी पेपर वाचणं सोडलं होतं, तेही आठवलं. "बातम्यात काही दम नही," म्हणाले होते. परवा त्यांनी चहाचा कप ओट्याच्या कडेवर ठेवताना बाहेर ठेवला होता आणि तो फुटला होता. तेव्हा ते माझ्यावरच ओरडले होते.

हातातलं भांडं तसंच टाकून मी उठले.

आबा आत येऊन खाटेवर बसले होते. समोर गजांची खिडकी. मी दारात उभी राहिले. बांगड्या वाजवल्या. त्यांनी चहासाठी हात पुढे केला. माझ्या हातात चहा नव्हता. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा काही विचारत होते.

"आबा, खिडकीचे गज कसे दिसतात तुम्हाला?"

ते दचकले. बहुतेक माझ्या आवाजानेच. मग खिडकीकडे बघून म्हणाले, "मधला गज कोनी वाकाडला? मी केव्हाचा पाहून राह्यलो. चोरानं वाकाडला असंन."

मी दाराची चौकट धरली. आणि तोंडातून माहेरची बोली निघाली, जी या घरात मी कधीच बोलले नव्हते.

"गज वाकेल नही शे, आबा! बठ्ठा गज सरय शेतस. तुमना डोयाले काहीतरी व्हयेल शे!"

मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. सवयीने डावा डोळा मिटून, ओळ बघतात तसे गजाकडे बघू लागले. चेहरा आक्रसला. मग उजवा मिटला. मग पुन्हा डावा. पुन्हा उजवा. तोंड उघडंच राहिलं.

"एका डोयानं सरय हे," ते हळू म्हणाले. "दुसऱ्यानं मधला भागच नही."

"तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?" मी विचारलं.

"काय सांगू? सांगतच तर होतो. खांब वाकला, रेघ वाकली. तुम्ही हसता."

मला रडू आलं. पदराआड रडले. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "म्हंजे ती लाईन सरय हे?"

"हो, आबा."

"आन् खांब?"

"सरळ आहे."

मग त्यांनी विचारलं, "आन् त्या केयीच्या ओयी?"

मी पदर पुढे ओढला. त्यांना कळलं. ते हातांकडे बघत बसले, ज्या हातांनी रोपं उपटली होती.

मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "मोतीबिंदू असेल. आखाजीचा सण होऊ दे, मग दाखवू." मी म्हणाले, "उद्या न्यायचं." मी असं कधी बोलत नाही, म्हणून त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मग "बरं" म्हणाले.

सकाळी आम्ही यावलहून बसने जळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिघंही. आबाच म्हणाले, "तिले घ्या संगती." डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, मशीनवर हनुवटी ठेवायला लावून फोटो काढले. मग आबांचा डावा डोळा झाकून म्हणाल्या, "बाबा, सुनबाईंच्या तोंडाकडे बघा. कसं दिसतं?"

आबा म्हणाले, "मले काय माहीत? मी तिचं तोंड कधी पाह्यलंच नही."

बाई हसायला लागल्या. मी मात्र हसू शकले नाही. त्यांनी मला पदर मागे घ्यायला सांगितला. मी घेतला. आबा माझ्याकडे बघत राहिले. "कपाय हे, हनुवटी हे," ते म्हणाले. "मधी कोनी पुसून टाकल्यासारखं हे."

बाईंचं हसू गेलं. त्या मालकांकडे वळल्या. "मोतीबिंदू नाही. पडद्याचा त्रास आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, आत पाणी झिरपतंय."

पडदा म्हटल्याबरोबर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टीव्हीवाल्याचा शब्द माझ्या कानात वाजत होता. आता पडदाच बदलावा लागेल.

"बदलता येतो का?" मालकांनी विचारलं.

"डोळ्याचा पडदा बदलत नाहीत. गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही मी. पण उरलेलं वाचवता येईल. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, पुन्हा पुन्हा. आणखी उशीर केला असता तर एवढंही उरलं नसतं."

डोळ्यात सुई! मी आयुष्यात असलं ऐकलं नव्हतं. आबांना आत नेलं तेव्हा मालक बाहेर बाकावर डोकं धरून बसले. म्हणाले, "मी त्यांना सगळ्यांसमोर हसलो ग." हसण्यात मीही होते. मी नुसती शेजारी बसले.

आबा डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आले. आम्ही दोघं धावलो. "दुखलं नही," ते म्हणाले. "सुई दिसलीच नही. पान्यात काये थेंब पोहताना दिसले." आणि मालकांकडे बघून, "तुह्या ओयी सरय होत्या रे." मालकांनी त्यांचा हात धरला तो बस येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला होता. रोज एकेक डोळा मिटून बघायचा. रेघा जास्त वाकड्या दिसल्या, किंवा चांगल्या डोळ्यालाही वाकड्या दिसायला लागल्या, तर लगेच यायचं. एक डोळा गेला तसा दुसराही जाऊ शकतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी तो कागद भिंतीला चिकटवला. आबांनी तो एकदाही पाहिला नाही. "जायीत पकडलेल्या उंदरासारखं वाटतं," म्हणाले.

त्याऐवजी सकाळी उठले की टीव्ही लावायचे, आवाज बंद. हिरव्या लाईनीकडे तोंड करून उकिडवे बसायचे. आधी डावा डोळा मिटायचे, मग उजवा. अगदी शेताच्या टोकाला बसायचे तसे.

दसऱ्याला मालक म्हणाले, "आबांसाठी नवा टीव्ही आणतो. मोठा. जुना देऊन टाकू." दुकानदाराशी फोनवर बोलणंही झालं होतं. आबांनी नुसती मान डोलावली. पोराशी आता कुठे सूत जुळलेलं, त्याला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

मी दारातून म्हणाले, "टीव्ही राहू द्या."

"अगं, लाईन आहे त्यात."

"म्हणूनच राहू द्या."

आबा खाटेवरून म्हणाले, "ती म्हनते ते सरय हे."

टीव्ही राहिला. तीन इंजेक्शनं झाली, पुढचं आहे. आबांच्या उजव्या डोळ्याला लाईन अजून वाकडीच दिसते, पण पोट थोडं आत गेलंय म्हणतात. त्या डोळ्याला माझं नाक अजून धड दिसत नाही. आता मी त्यांच्यासमोर पदर पुढे ओढत नाही.

मला भीती डाव्या डोळ्याची वाटते. रोज सकाळी मी चहा घेऊन दारात उभी राहते. बांगड्या वाजवत नाही, विचारते. ते उजवा डोळा मिटतात, डाव्याने लाईनीकडे बघतात, आणि ते बोलेपर्यंत मी चहा खाली ठेवत नाही.

"काय शे, आबा?" मी विचारते.

आज म्हणाले, "सरय शे."