बारा व्होल्टची खात्री

घरीदारी सगळे त्यांना इंजिनिअर म्हणत. ही पदवी कुणी दिली ते आता कुणालाच आठवत नाही, पण त्यांनी ती परत केली नाही एवढं खरं. आयुष्यभर त्यांनी टेलिफोनच्या तारा जोडल्या आणि निवृत्तीनंतर मागच्या खोलीत टेबलावर ठेवायचा एक पॉवर सप्लाय स्वतःच्या हातांनी बनवला. बटण दाबलं की बारा व्होल्ट.

त्या दिवशी थोरली बहीण, अक्का, पिशवीतून एक रेडिओ घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या ट्रकमधला. नवरा गेला, ट्रक भंगारात गेला, एवढा रेडिओ राहिला होता.

"बारा व्होल्टवर चालतो म्हणायचे," अक्का म्हणाली. "लाव बघू."

इंजिनिअरांनी सवयीनं आधी सप्लायला मीटर लावला. अठरा. त्यांनी मीटर झटकला. अठराच.

"मीटर बिघडलाय."

"परवाच तर आणलात," बायको दारातून म्हणाली.

त्यांनी कपाटातला जुना मीटर काढला. तोही अठरा दाखवू लागला.

"दोन्ही बिघडलेत."

"आणि तुमचा डबा तेवढा शहाणा."

"मी बनवलाय तो," असं म्हणून त्यांनी रेडिओच्या तारेला हात घातला. अक्कानं रेडिओ मांडीवर ओढून घेतला.

"एवढी खात्री आहे ना, मग आधी तुझा लाव."

त्यांचा रेडिओ फळीवर होता, तोही बारा व्होल्टचा. त्याच्यावरची धूळसुद्धा ते दुसऱ्याला पुसू देत नसत. इंजिनिअरांनी एकदा तिकडे पाहिलं, आणि स्क्रूड्रायव्हर उचलून डब्याचं झाकण उघडलं.

व्होल्टेज बारावर धरून ठेवणारा तीन पायांचा रेग्युलेटर त्यांनी बदलला. तरी अठरा. नवा रेग्युलेटरही बिघडलेलाच निघाला, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण अक्का बघत होती. मग त्यांनी भिंग घेतलं. रेग्युलेटरच्या मधल्या पायाची तार पुढे जिथे अर्थला जोडली होती, तिथलं सोल्डर केसभर तडकलं होतं. मधल्या पायाचा आधार सुटला की रेग्युलेटर, ज्याचा साहेब रजेवर आहे अशा कारकुनासारखा वागतो. येईल ते तसंच पुढे ढकलतो. ते सोल्डर कुणी केलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

त्यांनी तार नव्यानं जोडली. दोन्ही मीटरांनी बारा दाखवले. अक्कानं रेडिओ पुढे सरकवला. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी बातम्या सांगू लागलं.

"काय झालं होतं रे?"

"काही विशेष नाही. किरकोळ."

"मग घाम कशाला पुसतोयस?" अक्का म्हणाली आणि रेडिओच्या जाळीला कान लावून बसली. बातम्या संपल्या, तरी तिनं कान काढला नाही.