हुडकेश्वरकडे वळलेली बस

शेजारच्या टेबलावर तो बसायचा आणि मला डोळ्यांसमोर नको असायचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या आमच्या सल्लागार कचेरीत रस्ते आणि बसमार्ग आखायचं काम चाले. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, तरी साहेब हाक मारायचे ती त्यालाच. चहासुद्धा आधी त्याच्यापुढे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

उमरेड रस्त्यानं नवा बसमार्ग काढायचा होता. साहेबांनी दोघांनाही आखायला सांगितलं. ज्याचा मंजूर होईल तो सीनियर. मी उन्हातान्हात रस्त्यावर उभा राहून येणारे-जाणारे मोजले आणि नकाशावर नाकासमोर सरळ रेघ मारली. यानं काय करावं? रेघ मधेच हुडकेश्वरकडे वळवली. तेव्हा ते खेडंच होतं.

"काहून वळवली? तिकडून कोणी येतच नाही. मोजणीत दिसून नाही राहिलं," मी म्हणालो.

"बसच नाही तर येतील कसे गा? मी घरोघर जाऊन विचारलं. बाया तर माहेराले जाऊन नाही राहिल्या."

साहेबांनी त्याचीच रेघ उचलली. अभिनंदन करताना मी हसून दात दाखवले. देवा, ती बस रिकामी धावू दे, असं मी अगदी मनापासून मागितलं.

बस सुरू झाली त्याच आठवड्यात मी कचेरीतून आलो तर आई घरात नाही. दिवेलागणीला आली ती हसत. माझी मोठी बहीण हुडकेश्वरला दिलेली. आईचे गुडघे धरल्यापासून दोघींची भेटच नव्हती. आज बस थेट तिच्या दाराशी गेली. माझ्या मोजणीत न आलेलं माणूस माझ्याच घरात होतं.

"कोनं काढली गा ही बस? तुयाच हापिसातल्यानं ना?"

त्याचं नाव सांगावं लागलं. टाळता आलं असतं तर बरं, पण आई सोडते थोडीच!

"त्याले जेवाले बोलाव."

रविवारी आला. माझ्या शेजारच्या पाटावर बसला, भरली वांगी मागून मागून खाल्ली. आईनं त्याच्या भातावर तुपाची धार सोडली, तो नको नको म्हणत असताना पुन्हा सोडली. मग माझ्या ताटापाशी आली, भांडं वाकडं केलं, आत डोकावून पाहिलं.

"तुले उद्या तूप कढवून देईन," म्हणाली, आणि परत त्याला वांगी वाढायला वळली.