नवव्या मजल्यावरच्या पडद्यांची चाचणी

“ती नवव्या मजल्यावरची पोरगी आहे बघ, पाप, रोज संध्याकाळी खिडकीशी बोलते. हातसुद्धा हलवते.”

दुधाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई आपल्या जावेला सांगत होत्या. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत ‘पाप’ म्हणजे ‘बिचारी’, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मात्र आमच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर मुलगी एकच आहे, एवढं ठाऊक होतं. ती त्यांच्या मागेच दुधासाठी पिशवी घेऊन उभी होती.

जाऊबाईंनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना तिचं? यावर त्या बाई म्हणाल्या, “कोण जाणे. दिसायला तर सरी आहे, ठीकठाक.”

मी दूध घेतलं आणि मान खाली घालून निघून आले. (माझा स्वभावच तसा. कुणी माझ्या पायावर पाय दिला, तर तो आपणहून निघेपर्यंत मी वाट बघते.)

आमच्या घराला पडदे नव्हते.

बाबांना बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो होतो. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक नट-बोल्ट तपासून ‘पास’ किंवा ‘नापास’ ठरवणं हे बाबांचं काम. पुण्यात आम्ही तळमजल्यावर राहायचो. त्यामुळे नवव्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाल्यावर आईने पडद्यांचा विषय काढला, तेव्हा बाबा हसलेच. “इथे कोण बघणार? घारी?” समोरच्या इमारतीलाही नववा मजला असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि मी खिडकीशी का बोलत होते, तर महादेवपुऱ्याच्या बाजूला नव्यानेच उघडलेल्या एका कंपनीत माझी मुलाखत ठरली होती. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालेलं. इंग्रजीत पत्र लिहायला सांगा, चूक काढून दाखवा! पण चार अनोळखी माणसं समोर बसली की माझ्या तोंडातून कुठलीच भाषा बाहेर येत नसे. म्हणून मी संध्याकाळी दिवा लावून खिडकीसमोर सराव करायची. अंधार पडला की काचेत मी छान दिसायचे. तिथे मी स्वतःलाच प्रश्न विचारायची, मनगटं फिरवून उत्तरं द्यायची, आणि शेवटी उभी राहून स्वतःशीच हस्तांदोलन केल्यासारखं करायची. रात्री काचेचा आरसा होतो तो फक्त आतल्या माणसासाठी, हे मला त्या दुधाच्या रांगेत कळलं.

मुलाखत सोमवारी होती आणि माझी वाचा गेली होती. न्हाणीघरात सराव करून पाहिला, पण मी ‘माझे गुण’ या उत्तरापर्यंत पोचले की बाबा दार वाजवायचे. शेवटी मी आईला सगळं सांगितलं. आईने पदर खोचला. “सोमवारच्या आत पडदे लागतील,” ती म्हणाली. आईने पदर खोचून सांगितलेली गोष्ट झाली नाही, असं आमच्या घरात घडलेलं नाही.

तोपर्यंतची सोय म्हणून तिने खिडक्यांना सोलापुरी चादरी लावल्या. लाल, हिरवी आणि मोर असलेली जांभळी. घरात भर दुपारी दिवे लावावे लागले. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते निवृत्त गृहस्थ होते आणि आवारात खेळणाऱ्या पोरांसाठी गळ्यात कायम शिट्टी घालून फिरत. त्यांनी अत्यंत सभ्य इंग्रजीत मला सांगितलं, की इमारतीच्या दर्शनी बाजूला अंथरुणं वाळत घालू नयेत. ते गेल्यावर आईने विचारलं, काय म्हणत होते?

“चादरी छान आहेत म्हणाले,” मी सांगितलं.

आईने खूश होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीलाही एक लावली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी ते हातवारे करून बोलले आणि आईला आपोआप समजलं. चादरी उतरल्या. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त.

शुक्रवारी आम्ही तिघं जयनगरला पडद्याच्या कापडाच्या दुकानात गेलो. आईला पांढरी जाळी आवडली, वेलबुट्टीची, अगदी झिरझिरीत. दुकानदाराने ती दुकानाच्या दारात धरली, आम्हाला फुटपाथवर उभं केलं आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, की आतून सगळं दिसतं, बाहेरून काही दिसत नाही. आणि खरोखरच दिसत नव्हतं! आई आत उभी राहून आमच्याकडे बघून हात हलवत होती, असं तिने नंतर सांगितलं.

बाबांना मात्र संशय आला. रात्री, आत दिवा असताना काय? दुकानदार म्हणाला, रात्री लोक झोपतात साहेब. बाबांना हे उत्तर तांत्रिक वाटलं नाही. त्यांनी जाड, अस्तर लावलेलं, कॉफीच्या रंगाचं कापड पसंत केलं. आई म्हणाली, असे पडदे लावायला हे घर आहे की तलाठ्याचं ऑफिस? दोघंही हटेनात. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी दोन्ही छान आहेत म्हटलं असतं. शेवटी दुकानदाराने कंटाळून दोन्ही कापडांचे लांब तुकडे दिले आणि घरी लावून ठरवा म्हणाला.

‘लावून ठरवा’ याचा अर्थ बाबांच्या लेखी एकच होता. चाचणी.

शनिवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, बाबा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाणार. मी दिवा लावून नेहमीसारखी मुलाखत देणार. आई एकेक कापड लावणार. मी दिसले तर बाबा टॉर्च एकदा चमकवणार, नाही दिसले तर दोनदा. बरोबर ते दुर्बीण नेणार होते.

“दुर्बीण कशाला?” आईने विचारलं.

“नुसत्या डोळ्यांनी दिसलं नाही म्हणून मी कापड पास करणार नाही. उद्या कुणाकडे दुर्बीण असली तर?”

“दुर्बीण कोण घरात ठेवतं?”

“आपण ठेवतो की.”

आईने बजावलं, की गच्चीवर वारा असतो, माकडटोपी घालून जा. बाबांनी घातली. काळी होती. गळ्यात दुर्बीण, हातात टॉर्च आणि डोळे सोडून सगळा चेहरा झाकलेला, अशा अवतारात माझे वडील परक्या इमारतीच्या गच्चीवर निघाले. आम्ही दोघींनी त्यांना दारापर्यंत जाऊन निरोप दिला आणि आमच्या डोक्यात एकही शंका आली नाही.

आईने जाळी लावली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. “विचारते हं. तुमच्यात चांगलं काय आहे?”

मी लोकांत सहज मिसळते, असं मी इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं.

समोरच्या गच्चीवर टॉर्च एकदा चमकला. म्हणजे दिसतंय.

“हात कमी हलव,” आई म्हणाली. “जाळीला जरा संधी दे.”

मी हात मांडीवर ठेवले. पुन्हा एकदाच चमकला. आईने नाइलाजाने कॉफी रंगाचं कापड लावलं. टॉर्च दोनदा चमकला. चाचणी तिथेच संपायची! पण आईचं म्हणणं पडलं, की ते नीट बघत नाहीत, त्यांना पहिल्यापासून जाळी नकोच होती. तिने पुन्हा जाळी लावली. आता टॉर्च एकदा चमकला, मग दोनदा, मग सलग पाच वेळा.

“पाच म्हणजे काय ठरलं होतं?”

“काहीच नाही,” मी म्हटलं.

“मग दोन्ही एकावर एक लावा म्हणत असतील.”

आम्ही दोन्ही एकावर एक लावली आणि फटीतून पाहिलं. टॉर्चचा झोत आकाशात गेला, टाकीवर पडला, मग गोल गोल फिरू लागला. आई विचारात पडली. “फिरवा म्हणतायत. उलटी बाजू बाहेर करा.” आम्ही स्टुलावर चढून उलटी बाजू बाहेर केली. झोत आणखी जोरात फिरला. “आता उंची बघायला सांगतायत,” आई म्हणाली आणि कापड वर-खाली करायला लागली. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

मी कापड बाजूला केलं आणि खिडकी उघडली.

झालं होतं असं. आमच्याच इमारतीतल्या कुणीतरी पाहिलं, की समोरच्या गच्चीवर माकडटोपीतला एक माणूस दुर्बिणीने बायकामुलींच्या खिडक्या बघतोय आणि वर टॉर्चने खुणाही करतोय. त्यांनी सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरींनी दोन वॉचमन घेतले. आता दोन्ही वॉचमननी बाबांचे दंड धरले होते आणि बाबांच्या एका हातात टॉर्च अजून चालूच होता. चाचणी अर्धवट सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दोन्ही इमारतींच्या बाल्कन्या भरल्या. बाबा घाबरले की तांत्रिक माहिती देतात. ते सेक्रेटरींना इंग्रजीत समजावून सांगत होते, की ते फक्त नवव्या मजल्यावरच्या एका मुलीकडे बघत आहेत, ती अद्याप स्पष्ट दिसते आहे, पण ती आणखी किती दिसते हे नीट तपासल्याशिवाय त्यांना निर्णय घेता येणार नाही. प्रत्येक वाक्याला वॉचमनची पकड घट्ट होत होती. वॉचमनना इंग्रजी येत नव्हतं; ते सेक्रेटरींचा चेहरा बघून ठरवत होते.

मग सेक्रेटरींची नजर उजेडातल्या माझ्यावर पडली. त्यांनी तोंडाशी हाताचा कर्णा करून विचारलं, मॅडम, या माणसाला तुम्ही ओळखता का?

मी मान हलवली. माझी मान तिकडच्या गच्चीवरून कशी दिसणार? (दुर्बीण बाबांच्या गळ्यात होती.)

सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं. दोन इमारती माझ्याकडे बघत होत्या. समोरच्या आठव्या मजल्यावर त्या दुधाच्या रांगेतल्या बाईही जावेसकट उभ्या होत्या. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. आई मागून माझा दंड हलवत म्हणाली, “अगं, बोल की! इंग्लिश मीडियमला काय मूग गिळायला घातलं होतं?”

मी मनातल्या मनात सगळी तयार उत्तरं चाळली. मी कष्टाळू आहे. मी वेळ पाळते. मी लोकांत सहज मिसळते. एकही उपयोगाचं नव्हतं. बाबांनी तेवढ्यात टॉर्च माझ्यावर धरला. मी श्वास घेतला आणि ओरडले. इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, चक्क मराठीत, आणि माझ्यात इतका आवाज आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

आधी हसल्या त्या आठव्या मजल्यावरच्या बाई, कारण मराठी त्यांनाच कळत होतं. मग त्यांनी वाकून ते कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा बाकीच्या बाल्कन्या हसल्या. सेक्रेटरी सगळ्यांत शेवटी हसले, आणि मग वॉचमननी बाबांना सोडलं.

आमच्याकडे शेवटी दोन्ही पडदे लागले, आत जाळी आणि बाहेर कॉफी, कारण आईने पदर खोचला होता आणि बाबांनी चाचणी घेतली होती. तेही सोमवारच्या आत नव्हेच, चांगले पुढच्या आठवड्यात शिवून आले. तोवर त्यांच्यामागे लपवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. मुलाखतीत समोर चार माणसं होती. मला ती फारच कमी वाटली. नोकरी मिळाली.

त्या बाईंना मी आता अक्का म्हणते. दुधाच्या रांगेत कुणी नवीन आलं की अक्का मला पुढे ओढतात आणि माझं त्या संध्याकाळचं वाक्य आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, माझ्यासारखे हात हलवून म्हणून दाखवतात. इतक्या वर्षांच्या शिक्षणानंतर आणि इतक्या सरावानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने जे बोलले, ते हे:

“काका, सोडा त्यांना! बाबा आहेत ते माझे! ते दुसऱ्या कुणाच्या नाही, आमच्याच घरात डोकावतायत!”