समुद्राखालची माती

मी समुद्रात मातीचं काम करतो असं सांगितलं की गावाकडे लोक हसतात. पण ते खरं आहे. तेलाची विहीर खणताना समुद्राच्या तळाखालून जो चुरा वर येतो, त्याला रिगवर कटिंग्ज म्हणतात. थरथरत्या जाळ्यांवर तो गाळायचा, यंत्रात फिरवून त्यातलं तेलकट पाणी काढायचं, आणि उरलेला करडा चिकट माल लोखंडी पेट्यांत भरायचा. पेटीवर किती खोलीचा ते लिहायचं, झाकण आवळायचं, बोटीवर चढवायचं. किनाऱ्यावर त्यातलं उरलंसुरलं तेल काढून घेतात आणि बाकीचं जाड प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात पुरतात.

आईला हे कधीच पटलं नाही. कामरगावजवळच्या आमच्या गावात तिनं उभं तारुण्य विहिरींच्या खोदकामावर घमेली वाहण्यात घालवलं. तिची मातीची शिस्त कडक. वरची काळी माती वेगळ्या ढिगात, ती परत वावरात जायची. मुरूम अंगणाला, दगड बांधकामाला. मुकादमानं ढीग एकत्र केले तर ती त्याच्याशी भांडायची.

"पुरूनच टाकता, तं मंग खंदता कायले?" ती फोनवर विचारायची. मी समजवायचो की आम्हाला माती नको, तेल हवं. ती म्हणायची, एवढी खालची माती कोणी पाहिली नाही, मूठभर तरी आण.

मी ठेकेदाराचा माणूस. बदलीवाल्याला नेमकं माझ्या सुट्टीच्या तोंडावरच काहीतरी होतं, आणि माझी सुट्टी पुढे जाते. वर्षातून दोनदा घर दिसलं तर नशीब. वखरलेल्या वावराच्या वासासाठी जीव इतका तळमळायचा, की कधीकधी मी हातमोजा काढून त्या चुऱ्यालाच नाक लावायचो. डिझेलसारखा वास यायचा.

एकदा नियम मोडून मी जेवणाचा डबा भरून तो चुरा घरी नेला. आईनं तो बोटांत चोळून पाहिला, शेजारणींना बोलावून दाखवला. हे झाडाजवळ नेऊ नको, यात मीठ आहे, तेल आहे, हे मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा फुलला होता, की मी आपला चहा पीत बसलो.

दारात संत्र्याचं झाड होतं. मी नोकरीवर निघालो त्या दिवशी तिनं ते लावलं होतं. पहिली संत्री मी खाणार, तोवर कोणी हात लावायचा नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. डबा देऊन रिगवर परतल्यावर मी फोन केला की आधी झाडाचं विचारायचो. बहर आला, म्हणायची. पुढे म्हणायची, फळ धरलं, आता रंग चढून राह्यला, ये. त्या संत्र्यांच्या आशेवर मी रिगवर दिवस ढकलले.

आठ महिन्यांनी सुट्टी मिळाली. कामरगावहून जीपनं गावात पोचलो, दारात आलो, तर झाडाच्या जागी खड्डा.

मागच्या सुट्टीनंतर मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं डबा झाडाच्या बुडाशी रिकामा केला होता. वर भरपूर पाणीही घातलं होतं. महिनाभरात पानं करपली. मी विचारलं, मग बहर कसला, फळं कसली?

ती खड्ड्याकडेच पाहत होती. "झाड मेलं म्हनलं असतं, तं तू कायच्यासाठी आला असता?"

मी तिच्यासाठीच आलो असतो, हे म्हणायला तोंड उघडलं आणि लाज वाटली, कारण फोनवर मी आधी झाडाचंच विचारत आलो होतो.

निघताना तिनं खताचं एक पोतं पुढे ठेवलं, तोंड सुतळीनं शिवलेलं. बुडाची सगळी करपलेली माती तिनं उपसून त्यात भरली होती. वावरात टाकवत नव्हती, दुसऱ्याच्या बांधावरही नाही. "हे तुह्या पेटीत टाकजो," ती म्हणाली.

एसटीत ते पोतं पायांशी घेऊन मी रिगवरच्या पेट्या उतरतात त्या किनाऱ्यावरच्या यार्डापर्यंत आलो. एका अर्ध्या भरलेल्या पेटीत रिकामं केलं. ती माती काळी होती, आमच्या दारातली, आणि अजून तिला थोडा घरचा वास होता. झाकण आवळून पेटीवर किती खोलीची ते लिहायचं होतं. दीड हात, असं लिहिलं, आणि त्या पेटीला टेकून पोटभर रडलो.