आधी कोरडं काढा

हवालदारांना नवं यंत्र दाखवलं की ते त्याच्याकडे पाठ करून बसत आणि तंबाखू मळायला घेत. विकणारा बोलून बोलून दमेपर्यंत मागे वळायचे नाहीत. मग उठून यंत्राभोवती एक फेरी मारायची, पायाने त्याचं चाक हलवून बघायचं आणि विचारायचं, "ह्ये उचलतंय कोण?" सोफे धुण्याची यंत्रं विकायला पुण्यामुंबईची टाय लावलेली मंडळी आमच्या सांगलीच्या दुकानात येत. त्यांच्यापैकी एकालाही या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. उचलणारा आपल्यापैकी कुणी नव्हे, एवढंच त्यांना ठाऊक असे.

हवालदार कुंडलचे. फौजेतली बरीचशी वर्षं त्यांनी अधिकाऱ्यांच्या मेसमधलं फर्निचर सांभाळण्यात काढली होती. निवृत्त होऊन गावी आले, तर शेती भावांनी व्यवस्थित चालवलेली, यांना करायला काही नाही. म्हणून सकाळच्या एसटीने आमच्या दुकानात येऊ लागले. दुकान वडिलांचं, गाद्या आणि सोफे बनवण्याचं. मी नुकताच बीकॉम झालो होतो आणि घरोघरी जाऊन सोफे स्वच्छ करून देण्याचा धंदा काढायचा, असं डोक्यात घेतलं होतं. ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. ऊस आणि हळद ज्यांना पावली होती, त्यांच्या पुढच्या खोलीत सोफे आले होते आणि ते साफ कसे करायचे हे कुणालाच माहीत नव्हतं. काही बहाद्दर तर सोफा अंगणात आणून त्यावर बादलीभर पाणी ओतत. मलाही काही येत नव्हतं. माझ्याजवळ फक्त छापलेलं कार्ड होतं.

ते कार्ड पाहिल्या दिवसापासून हवालदार मला 'मालक' म्हणू लागले. या एका शब्दात ते जेवढा तुच्छतेचा मसाला भरत, तेवढा मी पुढे कुणाच्या शिवीतही अनुभवला नाही. पुण्याहून मी मोठ्या हौसेने नायलॉनचे ब्रश आणले, तेव्हा त्यांनी त्यांतला एक उचलला, माझ्या नव्या सदऱ्याच्या बाहीवर दहा वेळा घासला आणि उठलेली लव मला दाखवली. म्हणाले, "आता ह्याच सदऱ्यात लगीन लावा, मालक." त्यांचा स्वतःचा ब्रश घोड्याच्या केसांचा होता. लाकडी मूठ घामाने काळी पडलेली. तो ते कुणाच्याही हातात देत नसत, माझ्या तर नाहीच.

यंत्र पारखायच्या त्यांच्या रीती ठरलेल्या होत्या. पहिली, यंत्र स्वतः उचलून दुकानाच्या माळ्यावर न्यायचं आणि परत खाली आणायचं. एका परदेशी यंत्राचं वजन विक्रेत्याने मोठ्या ऐटीत सांगितलं. आपल्या विजेवर ते चालवायला लागणारा ट्रान्सफॉर्मर मात्र त्या वजनात धरलाच नव्हता. तो उचलायला दोन माणसं लागली. हवालदारांनी त्या गृहस्थांना नमस्कार केला आणि चहाही न विचारता वाटेला लावलं. दुसरी रीत म्हणजे नळीच्या पुढचं तोंड सोफ्याच्या दोन बटणांच्या मध्ये धरून बघायचं. तिथे मावलं नाही, तर बाकीचं काही ऐकायचं नाही. मळ बसतो तो बटणांच्या खळग्यात आणि पाठीच्या फटीत, सपाट जागा तर कुणीही पुसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसरी परीक्षा सगळ्यांत अपमानास्पद होती. धुऊन, पाणी ओढून झालं की हवालदार त्या बैठकीवर वर्तमानपत्राचा कागद पसरत आणि त्यावर स्वतः बसत. विडी संपेपर्यंत बसून राहत. उठल्यावर कागद ओला निघाला की यंत्र नापास. "वरचं कापड म्हंजे नुसती टोपी. आत काथ्या हाय. त्यो पाणी प्यालाय का त्ये बगा." काथ्या ओला राहिला की तिसऱ्या दिवशी त्याचा तपकिरी डाग वर येतो, हे त्यांनी मेसमध्ये भोगलेलं होतं. माझ्या ओळखीचे आज सोफे धुणारे जे लोक आहेत, ते गिऱ्हाइकाकडून निघताना पंखा लावून ठेवा म्हणतात आणि पळ काढतात. त्यांना मी मनातल्या मनात तो कागद देत असतो.

एवढं सगळं डोळ्यांदेखत घडत असताना मी जे यंत्र घेतलं, ते या तिन्ही परीक्षांत जेमतेम काठावर होतं. विक्रेता इंग्रजी बोलत होता आणि यंत्र निळ्या रंगाचं होतं, यापलीकडे मला आता कारण आठवत नाही. हवालदारांनी निकाल दिला होता, "वतायला दांडगं, वढायला मरतुकडं." मी म्हणालो, मालक मी आहे. ते पाठ करून बसले आणि तंबाखू मळायला लागले. ती पाठ मला तेव्हा माझा विजय वाटली, इतका मी शहाणा होतो.

पहिलंच काम आलं ते हळदीच्या एका बड्या व्यापाऱ्याकडचं. त्यांना सगळे शेठ म्हणत. बाजारात त्यांचा शब्द चाले. त्यांनी नाव घेतलं तर घरं मिळत जाणार आणि नाक मुरडलं तर माझं कार्ड रद्दीत जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. वाईहून त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि मोतिया रंगाच्या सोफ्याचे हात पिवळे पडले होते. हळदीच्या मार्केट यार्डातून आलेला माणूस बसला की हळदीची पूड सोफ्यावर राहणारच. हवालदारांनी पाहणी केली आणि मला बजावलं, "आधी कोरडं काढा. पाणी मी आल्यावर बगू." मग ते यमाईच्या दर्शनाला औंधला गेले.

मी थांबलो नाही. नवं यंत्र हाताशी असताना ब्रशने पूड झटकत बसणं मला कमीपणाचं वाटलं. विक्रेत्याने सोबत दिलेली पावडर मी गरम पाण्यात कालवली, यंत्रात भरली आणि नळी सोफ्यावर फिरवली. पिवळा रंग नाहीसा झाला. त्याच्या जागी लाल आला, कुंकू सांडल्यासारखा, आणि पाणी पसरत गेलं तसा तो पसरत गेला. त्या पावडरीत सोडा होता. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे हळदीकुंकवाला जाणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. बीकॉम झालेल्या मला ते ठाऊक नव्हतं. शेठच्या पत्नी, काकी, बाजारातून परत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हवालदार औंधहून परस्पर तिथेच आले. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेठ समोर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत हवालदार ताठ उभे राहून म्हणाले, "चूक माजी हाय. पावडर मी कालवून ठिवली हुती. ह्यांनी नुसती नळी फिरवली." पुढचे तीन दिवस ते एकटेच राबले. लिंबाच्या पाण्याने लाल रंग परत पिवळ्यावर आणला, पिवळा उडावा म्हणून सोफा उन्हात ठेवला, ऊन फिरेल तसा तो फिरवला आणि दर तासाला त्यावर कागद ठेवून बसले. पाहुणे आले तेव्हा सोफा मोतिया होता. मी त्या तीन दिवसांत खरं सांगायला निदान दहा वेळा तोंड उघडलं आणि पाणी प्यालो.

परतताना मी विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "माजी पेन्शन हाय. तुमच्या दुकानाचा जम अजून बसायचाय." मग नेहमीच्या सुरात, "आणि त्ये निळं गाढव इकून टाका, मालक."

निळं गाढव मी विकलं. पुढचं यंत्र हवालदारांनी निवडलं. दिसायला कुरूप, पण कागद कोरडा ठेवणारं. धंद्याने जम धरला. शेठनी माझं नाव बाजारभर केलं आणि मी त्यांच्या घरी येत-जात राहिलो. हवालदार मात्र त्या घरी पुन्हा आले नाहीत. शेठनी त्यांना बंदी केली, असं मी धरून चाललो. तसं धरून चालणं सोयीचं होतं. इतर सगळीकडे ते माझ्याबरोबर यायचे, मला आणि माझ्या कार्डाला नावं ठेवायचे.

तीन वर्षांनी छातीत दुखायचं निमित्त झालं आणि हवालदार कुंडललाच वारले. त्यांना पोचवून मी कुंडलहून थेट शेठकडे आलो. त्याच सोफ्यावर बसून सगळं सांगितलं. पावडर माझी, पाणी माझं, गप्प राहणंही माझंच. सांगताना मला रडू आलं आणि मला वाटलं, आता शेठ भडकतील.

शेठ नुसते म्हणाले, "माहिती आहे आम्हाला." काकी आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "औंधला जाताना मलाच सांगून गेले होते ते. मालक पाणी लावायला लागले तर हात धरा म्हणून. मी नेमकी बाजारात गेले." मी विचारलं, मग त्यांना घरी येऊ का दिलं नाही?

"कुणी नाही म्हटलं?" काकी म्हणाल्या. "दोनदा माणूस पाठवला कुंडलला. त्यांचा निरोप आला, त्या घरात मी खोटं बोललोय, आता तिथं पाय ठेवायचा न्हाई."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही मात्र येत राहिलात," त्या म्हणाल्या.