आधी हात वर कर

“आधी हात वर कर. दोन्ही. वरच्या पंख्याला लावायचेत असे समज.”

शाळेतली कुणी बाई खांदा दुखतो, पाठ भरून येते अशी तक्रार घेऊन आली की अक्का पहिलं हेच सांगायची. बाई बिचकत हात वर करायची. अक्का तिच्या मागं जाऊन उभी राहायची, ब्लाउजवरूनच पाठीवर एक बोट टेकवायची आणि म्हणायची, “बघ, वर चढली. जागेवर राहायला हवी होती. ही तुझ्या मापाची नव्हेच गो. दुसऱ्या कुणाची तरी घालून फिरतेस.”

ती म्हणजे ब्रा. आमच्याकडच्या जुन्या बायका तिला ‘बॉडी’ म्हणतात, तेही हळू आवाजात. अक्का हळू बोलत नसे. ती पापनाशमच्या मुलींच्या शाळेत पी.टी. मिस होती. आयुष्यभर मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून तिचा आवाज तसा झाला होता. मी त्याच शाळेत गणित शिकवते. आम्ही दोघी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत राहणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या. रोज सकाळी एकाच बसनं पापनाशमला जायचं, संध्याकाळी एकाच बसनं परत. वयानं ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. शाळेला ती नुसती ‘पी.टी. मिस’ होती.

हे मी देवनागरीत लिहिते आहे. अक्काला हे वाचता आलं नसतं. मराठी ती बोलायची, वाचायची तमिळ.

शाळेत लागले तेव्हा मला एक सवय होती. फळ्यावर लिहिता लिहिता डावा अंगठा खांद्यावर जायचा आणि ब्राचा पट्टा उचलून पुन्हा खाली सोडायचा. मला स्वतःला ते कधी कळलंच नव्हतं. अक्काला कळलं. एक दिवस बसमध्ये तिनं माझ्या खांद्याकडे बोट दाखवून विचारलं, “तिथं खळगा पडलाय की नाही?”

पडला होता. मला वाटायचं, सगळ्यांनाच पडतो.

“सगळ्यांनाच पडतो, कारण अस्की जणी चुकीची घालतात,” ती म्हणाली. आमच्या मराठीत ‘अस्की’ म्हणजे सगळे. “भार पाठीच्या पट्टीनं घ्यायचा असतो. ती पट्टी ढगळ असली की सगळा भार खांद्यावर येतो. मग आपण खांद्याचे पट्टे आवळतो. मग जास्तच दुखतं. छातीच्या खालून माप घे, टेप घट्ट धरून. ती तुझी पट्टी. मग छातीवरून घे, सैल धरून. दोन्हीत जितकं अंतर, तितका कप मोठा. पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत, मूठ नव्हे.”

हे सगळं तिनं भरल्या बसमध्ये, नेहमीच्या आवाजात सांगितलं. मराठीत सांगितलं म्हणून वाचले. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मात्र मान वळवून पाहिलं. त्यांना किती मराठी कळत होतं कोण जाणे.

त्याच आठवड्यात ती मला तंजावूरच्या बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेली. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. काउंटरमागचा माणूस तुमच्याकडे एकदा नजर टाकतो आणि डबा काढून पुढं सरकवतो. “छत्तीस,” तो म्हणाला. अक्का त्याला धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, “तंबी, डोळ्यांनी मोजलंस का? मग आता डोळे मीट.” दुकानात हशा पिकला. तो माणूसही हसला आणि त्यानं आतल्या खोलीतल्या बाईला बोलावलं. मला छत्तीस लागत नव्हतीच. चौतीस लागत होती, आणि कप दोन मापं मोठा. आतल्या खोलीत ती घालून मी हुक लावला आणि श्वास घेतला. कुठंच काही टोचलं नाही. इतक्या साध्या गोष्टीनं डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं नव्हतं.

बाहेरून अक्काचा आवाज आला, “बाहेरच्या हुकात लावलीस ना? नवी असताना बाहेरचा हुक. इलास्टिक सैल पडलं की आतले.”

तिला हे सगळं एवढं महत्त्वाचं का वाटायचं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एकदा अय्यमपेट्टैजवळ बस बंद पडली. दोन्ही बाजूंना भातशेती, उन्हानं पत्रा तापलेला. वाट बघता बघता ती एकदम बोलायला लागली. लहानपणी ती अडथळ्यांची शर्यत धावायची. जिल्ह्यात तिच्या तोडीची मुलगी नव्हती. मग अंग भरलं, आणि फार लवकर भरलं. मैदानाच्या कुंपणावर बसलेली पोरं ती धावायला लागली की टाळ्या वाजवायची. घरात कुणाला काय विचारायचं? आईनं घट्ट शिवलेली बॉडी दिली. तिनं एकावर एक अशा दोन घातल्या. निवड चाचणीच्या दिवशी तिचा श्वास कोंडला आणि ती तिसऱ्या अडथळ्यावर पडली.

“पाय मुरगळला असं सांगितलं मी सगळ्यांना,” अक्का म्हणाली. “पाय अगदी ठीक होता.”

नंतर ती धावली नाही. धावायला शिकवायला लागली. लग्न केलं नाही. आई असेपर्यंत आईचं केलं, मग राजवाड्यामागच्या त्या घरात एकटी राहिली.

आता सेल्वीबद्दल सांगायला हवं.

सेल्वी नववीत होती. पापनाशमच्या पलीकडच्या एका खेड्यातली, बाप तांदळाच्या गिरणीत कामाला. आठवीपर्यंत ही मुलगी वाऱ्यासारखी धावायची. नववीत खेळाच्या तासाला तिचं रोज काहीतरी दुखायला लागलं. कधी पोट, कधी डोकं. चालताना खांदे पुढं ओढून, वाकून चालायची. अशा मुली तुमच्याही वर्गात असतील, गल्लीत असतील. आपण त्यांना म्हणतो, सरळ चाल, कुबड येईल. पुढं काही विचारत नाही.

एक दिवस अक्कानं मला खेळाच्या खोलीत बोलावलं. “तू नुसती उभी राहा. खोलीत दुसरी बाई असावी,” ती म्हणाली. सेल्वी तिथं मान खाली घालून उभी होती. अक्कानं तिला लाडानं विचारलं, “कण्णा, माप घेऊ? नको असेल तर नको म्हण.” मुलीनं मान हलवून हो म्हटलं. अक्कानं गणवेशावरूनच टेप धरला. मुलगी थोरल्या बहिणीची जुनी ब्रा वापरत होती. शेवटच्या हुकाला सेफ्टी पिन लावलेली, आणि ती पिन पाठीत रुतत होती. अक्कानं मापं कागदावर टिपून घेतली.

पुढच्या सोमवारी तिनं तंजावूरहून सेल्वीसाठी दोन ब्रा आणल्या. जाड सुती कापडाच्या, रुंद पट्टीच्या, धावणाऱ्या मुलींसाठी असतात तशा. त्या संध्याकाळी सेल्वी मैदानाला फेऱ्या मारत राहिली. थांब म्हटलं तरी थांबेना. अक्का शिट्टी हातात धरून नुसती बघत होती. शिट्टी वाजवायचं ती विसरूनच गेली होती.

जिल्ह्याच्या स्पर्धेत सेल्वी दुसरी आली.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच तो दिवस आला. घरी दोरीवर टॉवेलखाली वाळत घातलेल्या त्या ब्रा बापाला दिसल्या. असलं नवं, दुकानातलं घरात कुठून आलं, असं त्यानं विचारलं. मुलीनं खरं ते सांगितलं. मिसनं माप घेतलं, मिसनं आणल्या. दुसऱ्या दिवशी तो गावातल्या चार माणसांना घेऊन शाळेत आला. पी.टी. मिस मुलींना खोलीत नेते आणि त्यांच्या अंगाला हात लावते, असं त्यांचं म्हणणं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळे जमले. संस्थेचे दोन पदाधिकारी, बाप, त्याची माणसं. सेल्वीची आई दाराशी उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी आत गेले आणि सांगितलं, “मी तिथं होते. माप गणवेशावरून घेतलं. मुलीला विचारून घेतलं.” पदाधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही दोघी एकाच गल्लीतल्या, एकाच भाषेच्या. तुम्ही तसंच म्हणणार.”

मग त्यांनी अक्काला विचारलं, “हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं? कुणाची परवानगी होती?”

अक्कानं एकदा दाराकडे पाहिलं. “कुणी नाही,” ती म्हणाली. “मीच ठरवलं. तिला धावताना दुखत होतं.”

बाप म्हणाला, “दुखतं तर धावायचं कशाला?”

मी अक्काकडे पाहत होते. एखादा माणूस उभ्या उभ्या खचतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं.

तिला माफी लिहून द्यायला सांगितलं. तिनं दिली नाही. मग तिला मैदानावरून काढून बालवर्गाकडे पाठवलं, लहान मुलांकडून टाळ्यांची गाणी म्हणून घ्यायला. सेल्वीनं शर्यतींतून नाव काढलं, आणि वर्ष संपल्यावर बापानं तिला शाळेतूनही काढलं.

अक्काचं बोलणं त्यानंतर आटत गेलं. बसमध्ये खिडकीशी बसून ती बाहेर बघत राहायची. एकदा एक नवी शिक्षिका तिच्याकडे आली आणि लाजत म्हणाली, “मिस, मला खांद्याला फार दुखतं.” अक्कानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, “डॉक्टरला दाखव, अम्मा.” हळू आवाजात बोलताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या शिक्षिकेला दुकानात मी घेऊन गेले, पण अक्काला ते सांगितलं नाही.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना तिची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं कळलं. तिरुचीला तिची धाकटी बहीण राहते, ती तिला घेऊन गेली. मी रविवारी जायची. अंग सुजलेलं, चेहरा ओळखू येत नव्हता. हॉस्पिटलचा गाऊन घातलेली ती एकदा म्हणाली, “यात बरं वाटतं गो. कुठंच काही आवळत नाही.” हसायचा प्रयत्न केला तिनं. मी हसले, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. गेल्या पोंगलनंतर ती गेली.

या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. पापनाशमच्या बसथांब्यावर एक बाई माझ्याजवळ आली. बरोबर तेरा-चौदा वर्षांची मुलगी. बाईला मी ओळखलं नाही. तिनं स्वतःच सांगितलं, “मी सेल्वीची आई. ही धाकटी.” मग इकडंतिकडं पाहून तिनं विचारलं, “ती मिस आता कुठं असते, टीचर? हिला दाखवायचं होतं.”

मी सांगितलं. ती थांब्याच्या कट्ट्यावर खाली बसली. मुलगी आईच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

मग आई बोलायला लागली. “मीच गेले होते मिसकडे. शाळेच्या मागच्या फाटकाशी. पोरीला दुखतं, रात्री रडते, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच काहीतरी करा, पण हिच्या अप्पांना कळू देऊ नका, असं मीच सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी विचारलं ना, कुणी सांगितलं म्हणून? मिसनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. मी भिंत धरली होती. घरी काय झालं असतं ते मिसला ठाऊक होतं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मिसनं नाव घेतलं नाही. मला एकदा भेटायचं होतं. दर वर्षी म्हणत होते, पुढच्या वर्षी जाईन.”

इतकी वर्षं मी तिच्याबरोबर बसमध्ये बसले, तिच्या खाटेशी बसले. मलाही तिनं हे कधी सांगितलं नाही.

तंजावूरची बस आली. मी म्हटलं, “चला माझ्याबरोबर. हिचं माप मी घेते, दुकानात आपण तिघी जाऊ.” ती चढली. वाटेत म्हणाली, “आधी मिसचं घर दाखवा.”

“तिथं आता कुणी नसतं,” मी म्हटलं.

“असू दे.”

राजवाड्यामागच्या त्या अरुंद गल्लीत मी त्यांना नेलं. बहिणीनं घर विकायला काढलंय, दाराला कुलूप होतं. ओट्याला लागून कुणाच्या तरी मोटारसायकली लावल्या होत्या. सेल्वीच्या आईनं गल्लीच्या मधोमध चपला काढल्या आणि त्या बंद दारासमोर हात जोडून उभी राहिली. मागून एक स्कूटर आली, हॉर्न वाजला, मग आणखी एक. मुलीनं तिचा हात ओढला. ती बाजूला झाली नाही.